एक सुलट, दोन उलट

पंचवटीत राहणाऱ्या माणसाचं नाव वाल्मीक असावं आणि त्याने वर कविताही लिहाव्यात, हा योग पत्रिकेत छान दिसत असेल, पण रोजच्या जगण्यात त्याचा फार त्रास होतो. वाल्मीक गांगुर्डे यांनी कुठेही "मी कवी आहे" असं म्हटलं की समोरचा हसून विचारायचा, "मग, रामायण कुठपर्यंत आलं?" हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असे, आणि वाल्मीकराव सभ्य गृहस्थ असल्यामुळे दर वेळी नव्याने हसत.

पोटासाठी ते एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत आणि कवितेसाठी उरलेला सगळा जन्म. 'मौनाचा टाहो' हा त्यांचा एकुलता एक संग्रह. त्याच्या उरलेल्या प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली होते. पलंगाचा एक पाय मोडला तेव्हा ललिताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यातलाच एक गठ्ठा तिथे सारला. "माझ्या कवितेने संसाराला आधार दिला," असं वाल्मीकराव त्यावर म्हणाले. ललिताबाई म्हणाल्या, "दुसरा पाय मोडेपर्यंत तरी दुसरं पुस्तक काढू नका."

वाल्मीकराव लिहीत ते वृत्तात. लघु, गुरू, गण, यती सगळं जागच्या जागी. चालताना, जेवताना, साहेबांचं बोलणं ऐकताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असे. कचेरीतल्या नव्या लोकांना ते जप करतात असं वाटायचं, आणि त्यामुळे त्यांना जरा मानही मिळायचा.

त्यांच्या कारकिर्दीतलं खरं दुःख निराळंच होतं. गल्लीच्या टोकाला हितवर्धक वाचनालय होतं आणि तिथे दर पाडव्याला कविसंमेलन भरे. त्यात वाल्मीकरावांचं नाव पत्रिकेवर न चुकता छापलं जाई, पण तळाशी: आभारप्रदर्शन, श्री. वाल्मीक गांगुर्डे. त्यांचा आवाज खणखणीत होता, मांडववाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती, आणि या दोन गुणांनी त्यांचा घात केला होता. "आभार मानण्यापूर्वी एक छोटीशी रचना," असं ते म्हणायचे तेव्हा श्रोते उठून चपला शोधत असायचे. चपला शोधणाऱ्या पाठींसमोर माणसाने आयुष्यभर कविता म्हणावी, याहून मोठी तपश्चर्या त्या मूळच्या वाल्मीकींनीही केली नसेल.

सत्त्याण्णव सालच्या पाडव्याला अध्यक्ष होते प्राध्यापक रविराज देवरे. हे मुक्तछंदात लिहीत, खादीचा कुर्ता घालत आणि वाचनालयाच्या साहित्य समितीचे प्रमुख होते. अध्यक्षीय भाषणात ते म्हणाले, "छंद मेला, मित्रहो. मात्रा हवी असेल तर ती आता फक्त वैद्याकडे मिळेल." सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले तर वाल्मीकरावांकडे बघून हसले.

वाल्मीकराव आभाराला उठले. मांडववाल्याचे आभार मानले, माइकवाल्याचे मानले, आणि मग काय झालं ते त्यांनाही नीट कळलं नाही. "छंद मेलेला नाही," ते म्हणाले. "या उन्हाळ्यात मी इथेच, वरच्या दालनात, छंदवर्ग चालवीन. कविता शिकवता येते. कुणालाही येते. माझ्या वर्गातून वृत्तात लिहिणारा एक तरी कवी उभा राहिला नाही, तर मी पुन्हा कधी चारचौघांत कविता म्हणणार नाही." चपला शोधणारे लोक चपला हातात धरून मागे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच वाल्मीकरावांना श्रोत्यांची तोंडं दिसली.

घरी आल्यावर ललिताबाई एवढंच म्हणाल्या, "न म्हणण्याची शपथ आधीच घेतली असती, तर मांडववाल्याचा तरी वेळ वाचला असता." पण त्यांनी पानात दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं, यावरून प्रकरण गंभीर आहे हे वाल्मीकरावांनी ओळखलं. कविता म्हणायची नाही म्हणजे मग करायचं काय? कचेरीत पाकिटांवर शिक्के मारायचे आणि मरायचं. हे त्यांना त्या श्रीखंडाच्या घासाबरोबर लख्ख कळलं.

शेजारचे यादवअण्णा वाचनालयाचे कार्यवाह होते. त्यांना सल्ला देण्याची इतकी सवय होती की देवाला नमस्कार करतानाही ते देवाला काहीतरी सुचवत असावेत. "वाल्मीकराव, जाहिरात छोटी करा. लोक मोठं वाचत नाहीत," ते म्हणाले. त्याप्रमाणे वाल्मीकरावांनी मजकूर लिहून दिला: 'उन्हाळी छंदवर्ग. मार्गदर्शक श्री. वाल्मीक गांगुर्डे. वयाची अट नाही. येताना आपापले साहित्य सोबत आणावे.' 'कवी' हा शब्द त्यांनी मुद्दामच लिहिला नाही. जाहिरातीत स्वतःच स्वतःला कवी म्हणणं बरं दिसत नाही, तो शब्द कोणीतरी आपणहून घालील, बहुधा 'सुप्रसिद्ध' हे विशेषण लावून घालील, असा त्यांचा अंदाज होता. वाचनालयाचे शिपाई धोंडीराम यांनी तो मजकूर दारातल्या फळ्यावर जसाच्या तसा उतरवला आणि शेजारी उरलेल्या जागेत, फळा रिकामा दिसू नये म्हणून, रंगीत खडूने एक फूल काढलं.

त्या फुलाने उरलंसुरलं काम केलं.

पहिल्या दिवशी वाल्मीकराव धुतलेला सदरा घालून दालनात शिरले आणि दारातच थबकले. दालन भरलं होतं. सतरंजीवर बायका होत्या, मुलं होती, खिडकीशी दोन पेन्शनर होते. आपली नाशिककर जनता छंदशास्त्रासाठी इतकी आसुसली असेल अशी त्यांना कल्पना नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांना लोकांच्या मांडीवर काय काय आहे ते दिसलं नाही.

"छंद म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"टाइमपास," एक मुलगा म्हणाला.

"रिकामपणचा उद्योग," एक पेन्शनर म्हणाले.

नवकवींचा उपहास इथपर्यंत पोचला तर, असं मनाशी म्हणून वाल्मीकराव पुढे सरकले. समोरच एक म्हातारी मांडी ठोकून बसली होती. दिंडोरीकडची, नऊवारी, कपाळावर गोंदण. आपल्याकडची लोकपरंपरा ती हीच. "आजी, आपलं नाव? आणि साहित्य काय आणलंत?"

"गोजराबाई. दोन सुया आन् लोकर."

वाल्मीकरावांनी डोळे मिटले. दोन सुया आणि लोकर! किती साधी, किती टोकदार प्रतिमा. "वा," ते म्हणाले. "आणि पुढची ओळ?"

"फुडं काय? फुडलं तुमी शिकवनार ना? मास्तर तुमीच हाये ना?"

तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडून नीट पाहिलं. गोजराबाईंच्या मांडीवर पिवळ्या लोकरीचा गुंडा होता. शेजारणीकडे क्रोशाची सुई होती. तिच्यापलीकडे मणी, टिकल्या, भरतकामाची गोल चौकट. एक पेन्शनर पोस्टाची तिकिटं घेऊन आले होते, दुसऱ्यांनी कुंडीतलं वडाचं बुटकं झाड आणलं होतं. एक आई दोन मुलांना सोडून आणि "यांना काहीही शिकवा" असं सांगून भाजी आणायला निघूनही गेली होती.

शहाण्या माणसाने त्याच क्षणी गैरसमज दूर केला असता. वाल्मीकरावांनीही तोंड उघडलं होतं. पण समोर इतकी माणसं होती, सगळी त्यांच्याकडे बघत होती, आणि एकाचाही हात चपलेकडे गेला नव्हता. त्या दृश्याचा मोह त्यांना आवरला नाही. "आज फक्त ओळख," ते म्हणाले. "शिकवायला उद्यापासून सुरुवात."

घरी येऊन त्यांनी ललिताबाईंना विचारलं, "तुला विणता येतं ना गं?"

ललिताबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्यांना एक स्वेटर विणून दिला होता. त्यावर त्यांनी कविता केली होती, स्वेटर मात्र कधी घातला नव्हता. आज ही जुनी बाकी वसूल करायची संधी होती. ललिताबाईंनी नवऱ्याला जमिनीवर बसवलं, हातात सुया दिल्या आणि अर्ध्या नाशिकला ऐकू जाईल अशा आवाजात शिकवायला सुरुवात केली. "डोळे सुईवर ठेवा. हा सुलट. आता उलट. पुन्हा उलट. म्हणा तोंडाने: एक सुलट, दोन उलट. एक सुलट, दोन उलट."

"एक सुलट, दोन उलट," वाल्मीकराव म्हणू लागले. चौथ्या वेळी त्यांचा अंगठा आपोआप पेरांवर फिरला. एक लघु, दोन गुरू. एक लघु, दोन गुरू. चारदा. सुया टाकून ते ताडकन उभे राहिले आणि ओरडले, "भुजंगप्रयात! अगं, भुजंगप्रयात!"

ललिताबाई 'भुजंग' एवढंच ऐकून पलंगावर चढल्या. पलीकडून यादवअण्णा काठी घेऊन धावत आले, त्यांच्यामागे त्यांची सून बॅटरी घेऊन आली, आणि सगळ्यांनी मिळून पलंगाखाली शोध घेतला. तिथे 'मौनाचा टाहो' निघाला. वृत्ताचं नाव सापावरून पडलं आहे, त्याची चाल नागमोडी असते म्हणून, हे वाल्मीकरावांनी परोपरीने सांगितलं. यादवअण्णा म्हणाले, "तरी कोपऱ्यात जरा फिनेल टाकाच."

वाल्मीकरावांनी कचेरीतली साठलेली रजा काढली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग खरा सुरू झाला. सुलट म्हणजे लघु, उलट म्हणजे गुरू. बारा टाक्यांची ओळ म्हणजे बारा अक्षरांचा चरण. नुसतं मोजलं तर टाके चुकतात, त्यापेक्षा टाक्याटाक्याला एकेक अक्षर म्हणा, मग सुई चुकायची नाही, असं वाल्मीकरावांनी सांगितलं आणि बायकांना ते एकदम पटलं. तिकिटवाले आणि वडवाले पेन्शनर दोन-चार दिवसांत गळाले. मुलांना पोहण्याचा तलाव उघडल्याची बातमी लागली. उरल्या डझनभर बायका, आणि त्या उरल्या त्या अशा की हलायचं नाव नको. सगळ्यांत पुढे सिंधुबाई. या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी आठवड्यात पाच श्लोक पाडले आणि वाल्मीकरावांचा जीव भांड्यात पडला. कवी उभा राहणार तो हाच.

सगळ्यांत मागे गोजराबाई. त्या मुलाकडे पंचवटीत राहायला आल्या होत्या. दुपारी घरात करमत नाही म्हणून वर्गाला येतात, असं त्या सांगत. त्यांनी ओळ म्हणून केली नाही. नुसतं विणायचं आणि भांडायचं. "मास्तर, ह्ये तुमचं लघु आन् गुरू ठीक हाये, पन बाही कवा शिकवनार?" पिवळं काहीतरी इवलंसं विणत होत्या, कुणासाठी म्हणून विचारलं की म्हणायच्या, "भावाच्या नातवाला," आणि घरी जाताना ते विणकाम वाचनालयातच, धोंडीरामांच्या कपाटात ठेवून जायच्या. घरी का नेत नाहीत, याचा विचार वाल्मीकरावांनी केला नाही. कवींना इतक्या साध्या गोष्टी सुचत नाहीत.

भुजंगप्रयात हळूहळू पंचवटीत पसरला. भाजीबाजारात वर्गातली एक बाई जुडी हातात घेऊन सहज म्हणाली, "तुझी मेथि भाऊ शिळी वाटते रे." भाजीवाला फणकारला, "नको घेउ ताई, पुढे वाट आहे." हे ऐकून वाल्मीकराव रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, पेरं मोजली आणि मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्याही आनंदाने ऐकून घेतल्या. त्या मात्र वृत्तात नव्हत्या. घरी ललिताबाईंनी स्वयंपाकघरातून हाक दिली, "चहा थंड झाला, किती हाक मारू?" आणि वाल्मीकरावांना चहापेक्षा त्या हाकेनेच तरतरी आली.

सुखाला दृष्ट लागते ती अशा वेळी. खालच्या वृत्तपत्र विभागात दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपणारे एक जुने सभासद होते. वरून रोज 'एक सुलट, दोन उलट' असा गजर सुरू झाल्याने त्यांच्या वाचनात व्यत्यय येऊ लागला. त्यांनी तक्रार केली. यादवअण्णा ती घेऊन आले. "पेच आहे, वाल्मीकराव. दालन वाङ्मयासाठी दिलं तर साहित्य समितीचा ठराव लागतो. विणकामासाठी दिलं तर महिला मंडळाचा. तुमचं नेमकं काय आहे?"

"दोन्ही," वाल्मीकराव म्हणाले.

"दोन्हीला आपल्याकडे समिती नाही," यादवअण्णा म्हणाले आणि तोडगा म्हणून त्यांनी जे केलं त्याने होत्याचं नव्हतं होण्याची वेळ आली. त्यांनी पाहणीसाठी साहित्य समितीच्या प्रमुखांना बोलावलं.

प्राध्यापक देवरे आले तेव्हा वाल्मीकराव सतरंजीवर बसून सुईवरचा सुटलेला टाका उचलत होते, आणि गोजराबाई त्यांना "आंधळे हाये का मास्तर?" असं विचारत होत्या. प्राध्यापकांनी सगळीकडे नजर फिरवली. भिंतीवरच्या थोर साहित्यिकांच्या तसबिरींना लोकरीची तुसं चिकटली होती.

"गांगुर्डे," ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही कवी उभा करणार होतात. इथे तर स्वेटर उभा राहतोय."

"आपण वरवर पाहताय," वाल्मीकराव उठायचा प्रयत्न करत म्हणाले. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे वाक्याला हवं तितकं वजन आलं नाही.

"मग आतून पाहू की. समारोप जाहीरपणे करा. मी अध्यक्ष होईन. घोकून आणलेलं काही नको. विषय मी तिथल्या तिथे देईन, तुमच्या विद्यार्थ्याने तिथल्या तिथे चार ओळी रचायच्या, वृत्तात. जमलं तर दालन तुमचं. नाही जमलं तर पाडव्याचा शब्द आहेच."

त्या दिवसापासून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. यादवअण्णांनी समारोपाच्या दिवशी आजारी पडायला सांगितलं आणि ताप दाखवण्यासाठी बगलेत कांदा ठेवण्याची युक्तीही सांगितली. साहेबांनी रजा वाढवून देताना "रामायण घोकून आलात तरी कुणाला कळणार नाही" असं सुचवलं. ललिताबाईंनी सल्ला दिला नाही. त्यांनी ट्रंकेतून तो जुना स्वेटर काढला, उन्हात घातला आणि घडी करून ठेवला. त्याचा अर्थ वाल्मीकरावांना कळला नाही, पण धीर आला.

निमंत्रणपत्रिका छापखान्यात गेल्या. छापखानेवाला दर उन्हाळ्यात अशा पंधरा-वीस छंदवर्गांच्या पत्रिका छापत असे. त्याने सवयीने कोपऱ्यात सुईदोऱ्याचं चित्र टाकलं आणि खाली, वाल्मीकरावांचा मजकूर अपुरा वाटला म्हणून, आपल्याकडून एक ओळ भरली: 'प्रदर्शन व विक्री.'

त्यामुळे समारोपाला जी गर्दी झाली ती हितवर्धक वाचनालयाने कधी पाहिली नव्हती. लोक पिशव्या घेऊन आले होते. "रुमाल कुठे लावलेत?" "लहान मुलांचं काही आहे का?" प्राध्यापकांनी आपला नवा संग्रह टेबलावर ठेवला होता. एका बाईने तो चाळला आणि नवऱ्याला म्हणाली, "विणायचं पुस्तक दिसतंय, पण यात नमुने नाहीत." प्राध्यापकांनी तो परत पिशवीत घातला. वाल्मीकराव त्या वेळी मनातून थोडे सुखावले, हे कबूल करायला हवं.

पण थोडेच. त्यांचे हात गार पडले होते, आणि बाहेर मे महिना होता. सिंधुबाई पुढे बसल्या होत्या, एवढाच आधार.

प्राध्यापक उभे राहिले. पिशव्या घेतलेल्या त्या गर्दीकडे बघून त्यांनी हसून विषय दिला: "स्वेटर."

हशा पिकला. सिंधुबाई उठल्या, माइकपाशी गेल्या. तीस वर्षं वर्गावर आवाज चढवलेल्या त्या बाईंनी माइककडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि "पाणी" एवढंच म्हणून खाली बसल्या. त्यांना वारा घालायला दोघी धावल्या. प्राध्यापक घड्याळाकडे बघू लागले. वाल्मीकरावांनी उरलेल्या बायकांकडे पाहिलं. एकेक मान खाली गेली. संपलं, त्यांना वाटलं. आता शिक्के आणि पाकिटं.

"मी म्हनते," मागून आवाज आला.

गोजराबाई होत्या. वाल्मीकरावांना वाटलं, ही बाई बाहीबद्दल विचारील. गोजराबाई मात्र पिवळं विणकाम काखोटीला मारून सरळ पुढे आल्या आणि माइकपाशी जमिनीवरच बसल्या. "ह्ये खाली घ्या," त्या धोंडीरामांना म्हणाल्या. "सुया हातात नसल्या तं मला बोलता येत नाय." धोंडीरामांनी माइक वाकवला. लोक टाचा उंचावून बघू लागले. गोजराबाईंनी सुई घातली आणि टाक्याटाक्याला एकेक अक्षर टाकत म्हणाल्या,

"कुणासाठि मी ह्या विणू स्वेटराला..."

वाल्मीकरावांचा अंगठा पेरांवर पळत होता. बारा. बरोबर बारा. एक सुलट, दोन उलट.

"उन्हाने इथे घाम येतो जगाला..."

सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. घामाने निथळणारे लोक एकमेकांना कोपर मारू लागले. गोजराबाई हसल्या नाहीत. त्या थांबल्या. सुई थांबली. त्यांनी मान वर केली आणि गर्दीत कुणाला तरी शोधलं. तिसऱ्या रांगेत त्यांची सून सविता बसली होती, आणि ती डोळे मोठे करून मानेने नको नको म्हणत होती. सासूने सुनेकडे पाहिलं, मग हातातल्या त्या इवल्याशा पिवळ्या तुकड्याकडे पाहिलं, आणि सुई पुन्हा चालू झाली.

"हिवाळ्यात येईल नातू घराला,
तयासाठि आधीच धागा निघाला."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग आधी बायकांना कळलं. तिसरा महिना सरेपर्यंत ही गोष्ट घराबाहेर काढायची नसते. आणि पोर जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवं कापड म्हणून करायचं नसतं, काही म्हणजे काही नाही, जुनेरंच वापरायचं. म्हणून ही म्हातारी रोज दुपारी घरातून पळून येत होती. म्हणून ते पिवळं विणकाम धोंडीरामांच्या कपाटात राहत होतं. धीर धरवत नव्हता हो तिला. सविताने पदर तोंडावर ओढून घेतला होता, पण पदराआड ती हसत होती. शेजारच्या अनोळखी बाईने पिशवी खाली ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवला. वाल्मीकरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. गोजराबाई वैतागून म्हणाल्या, "थांबा की, टाका सुटंल."

सगळे प्राध्यापकांकडे बघू लागले. ते आपल्याच बोटांकडे बघत होते. मुक्तछंदवाल्या त्या माणसाचा अंगठा तिसऱ्या बोटाच्या पेरावर होता. "मी मोजत होतो," ते हळू म्हणाले. "तिसऱ्या ओळीपर्यंत मोजलं. बिनचूक आहे. चौथीला मोजायचं विसरलो." मग ते खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी आपणहून आणखी एकदा टाळ्या वाजवल्या.

यादवअण्णांनी माइक हातात घेतला. "आता आभारप्रदर्शन," ते म्हणाले. इतक्या वर्षांची सवय. वाल्मीकराव उठून उभे राहिले, माइककडे दोन पावलं टाकली. तेवढ्यात प्राध्यापक आडवे आले. "बसा गांगुर्डे," ते म्हणाले. "आज आभार मी मानतो."

आणि त्यांनी मानले. वाल्मीक गांगुर्डे यांचे, कवी वाल्मीक गांगुर्डे यांचे. 'कवी' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. श्रोत्यांत एकही माणूस चपला शोधत नव्हता. वाल्मीकरावांनी वळून ललिताबाईंकडे पाहिलं. त्या दारापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात, भर मे महिन्यात, तो जुना स्वेटर होता. वाल्मीकरावांनी तो तिथल्या तिथे अंगात घातला. तो पोटावर फार घट्ट बसला, घाम फुटला, पण घरी जाईपर्यंत त्यांनी काढला नाही.

पौषात, गोदेवरून बोचरा वारा येत असताना, गोजराबाई पेढे घेऊन वाल्मीकरावांच्या घरी आल्या. काखेत दुपटं होतं, दुपट्यात पिवळा स्वेटर आणि स्वेटरात बाळ. मागे सविता होती.

"मास्तर, गडबड झाली," गोजराबाई म्हणाल्या. "नात झाली. लय ग्वाड हाये, नाक माझं हाये, पन तुमच्या त्या कवितेत नातू बसलाय. त्यो उठवा. पोरगी मोठी हून वाचंल तं काय म्हनंल?"

वाल्मीकरावांनी पेढा तोंडात टाकला आणि कामाला लागले. पण नातू म्हणजे दोन गुरू, आणि नात म्हणजे गुरू आणि लघु. त्यांनी शब्द पुढे सरकवला, मागे सरकवला. "ओळच मोडावी लागेल," ते कपाळ पुसत म्हणाले. "यमकही जाईल. हे अवघड आहे, आजी. याला थोडा अभ्यास..."

गोजराबाई बाळाला मांडीवर हलवत होत्या. हातात सुया नव्हत्या, त्यामुळे त्यांनी बाळाच्या पायांवरच बोटांनी एक सुलट, दोन उलट असा ठेका धरला.

"हिवाळ्यात ही नात आली घराला," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठि आधीच धागा निघाला. बसतंय का बगा."

वाल्मीकरावांनी पेरं मोजली. बसत होतं. त्यांनी दुसऱ्यांदा मोजली आणि मग हात मांडीवर ठेवून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात यादवअण्णा फळ्याचा मजकूर घेऊन आले. या खेपेला 'काव्यलेखन वर्ग' असं स्वच्छ लिहू, म्हणजे घोटाळा नको, असा त्यांचा सल्ला होता. वाल्मीकराव म्हणाले, "एक अक्षर बदलायचं नाही. छंदवर्गच लिहा. आणि येताना आपापलं साहित्य आणायला सांगा." धोंडीरामांनी तसंच लिहिलं आणि उरलेल्या जागेत फूल काढलं.

स्वयंपाकघरातून ललिताबाईंची हाक आली की चहा थंड होतोय, आणि वाल्मीकराव मोजायच्या भानगडीत न पडता उठून चहाला गेले.